मुलांच्या मनोसामाजिक विकासाचे टप्पे कोणते? पावणेतीन वर्षांचा मुलगा अजून चड्डीतच करतो, तो कोणत्या टप्प्यात अडकला आहे?

प्रश्न असा आहे: "मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा. जूनमध्ये गावाजवळच्या कॉन्व्हेंटला नर्सरीत टाकायचा आहे. तिथे म्हणाले, संडास-लघवी सांगत असेल तरच घेऊ. तो सांगत नाही, बसवलं की उठून पळतो, सगळ्याला 'नाही' म्हणतो. सासूबाई म्हणतात, लाज वाटू द्या त्याला, आपोआप सुधारेल. मुलांच्या मनोसामाजिक विकासाचे टप्पे सांगा आणि हा कुठे अडकला आहे तेही सांगा."

ताई, तुमचा मुलगा कुठेही अडकलेला नाही. पावणेतीन वर्षांचं लेकरू जे करतं तेच तो करतो आहे. मी लिहायला बसले ते 'लाज वाटू द्या' या तीन शब्दांमुळे. आमच्याकडे वऱ्हाडात हे तीन शब्द ओसरीपासून शाळेपर्यंत ऐकू येतात आणि त्यांनी किती लेकरांचं पोट आणि मन बिघडवलं आहे ते मला माहीत आहे.

टप्प्यांचा तक्ता टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) गाईडात एका पानावर मिळतो, म्हणून तो भराभर सांगते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतले पहिले पाच १८ वर्षांपर्यंतचे. दीड वर्षापर्यंत विश्वास विरुद्ध अविश्वास, दीड ते तीन स्वायत्तता विरुद्ध लाज आणि संशय, तीन ते सहा पुढाकार विरुद्ध अपराधीपणा, सहा ते बारा उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड, बारा ते अठरा स्वतःची ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ. पाठ करणारे 'विरुद्ध' या शब्दावर फसतात. त्यांना वाटतं एक बाजू चांगली, दुसरी वाईट, आणि टप्पा म्हणजे पास-नापासची परीक्षा. एरिक्सन यांनी तोल सांगितला आहे. थोडा अविश्वासही लागतोच, नाहीतर लेकरू जत्रेत कोणाचंही बोट धरून निघून जाईल. पारडं कोणीकडे झुकलं ते महत्त्वाचं, आणि पुढच्या टप्प्यांत ते परत हलतं.

तुमचा प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा आहे. इथे एरिक्सन यांनी दोन क्रिया मधोमध ठेवल्या: धरून ठेवणं आणि सोडून देणं. दीड-दोन वर्षांच्या आसपास गुदद्वार आणि मूत्राशयाच्या स्नायूंवर लेकराचा ताबा यायला लागतो. तोवर त्याचं सगळं आपल्या हातात असतं. आंघोळ आपण घालतो, अंगडं आपण चढवतो, उचलून कडेवर आपणच घेतो. हे एक काम मात्र असं आहे की लेकरानं सोडलं तरच होतं. म्हणून याच वयात 'नाही' हा शब्द येतो, वस्तू घट्ट धरणं आणि फेकून देणं येतं, आणि बसवलं की उठून पळणंही येतं. सगळ्याचं मूळ एकच. या ठिकाणी मोठ्या माणसानं लढाई उभी केली तर ती लेकरूच जिंकतं, कारण धरून ठेवायचा स्नायू त्याच्या अंगात आहे.

ही लढाई कशी चालते ते एका लेकरावरून सांगते. यवतमाळच्या बाजूचं गाव, मुलगा अडीच वर्षांचा. शाळेचं नाव घेत नाही. कापसाच्या वेचणीचा हंगाम होता, माय पहाटेच वावरात गेलेली. प्रार्थनेच्या वेळी त्याला चड्डीत झाली. आयाबाईंनी त्याला पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं आणि घरून कोणी येईपर्यंत तसंच ठेवलं. वर्गातली पोरं खिडकीतून "शी शी" करत होती. आजी तासाभरानं पोचली. तिनंही सगळ्यांसमोर म्हटलं, "लाज नाही वाटत का रे तुले?"

त्या दिवसापासून त्यानं धरून ठेवायला सुरुवात केली. दाराच्या मागे जाऊन उभा राहायचा, चवड्यांवर उंच व्हायचा, मांड्या आवळायचा, तोंड लाल. आजी म्हणायची, "पोट्टं जोर लावून राह्यलं, पण होत नाही त्याले." पाहणारा प्रत्येक जण इथेच चुकतो. ते लेकरू बाहेर काढण्यासाठी जोर लावत नसतं, आत ठेवण्यासाठी लावत असतं. थांबवलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं. मळ कडक होतो, जाड होतो, मग एक दिवस बाहेर येताना जागा चिरते आणि चड्डीला रक्त लागतं. आता तर दुखतं, म्हणून लेकरू आणखी घट्ट धरतं. काही आठवड्यांत मलाशय ताणून सैल पडतं आणि 'लागली' ही जाणीवच बोथट होते. मग वरचा पातळ मळ कडक गोळ्याच्या बाजूनं झिरपतो आणि दिवसातून चार-पाच वेळा चड्डी भरते. लेकराला ते कळतसुद्धा नाही. घरच्यांना मात्र वाटतं, मुद्दाम करतो.

त्या मुलाला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं ते जुलाब म्हणून. पातळ होतंय असं सांगितलं, तर जुलाब थांबवायचं औषध मिळालं आणि पोट आणखी गच्च झालं. मग कोणी साबणाची वात घालायला सांगितली. साबणानं आतली त्वचा होरपळते, आणि लेकराच्या मनात ती जागा कायमची भीतीची होते. हे कोणी करू नका. घरी दोनदा मार बसला. तीन महिन्यांनी तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी पोटावर हात ठेवला, तर डाव्या बाजूला खाली गोळा हाताला लागला. तपासणी दोन मिनिटांची होती, ती आधी कोणी केली नव्हती.

उपचार दोन टप्प्यांचा असतो. आधी साचलेलं पूर्ण मोकळं करायचं, त्यासाठी पाण्यात मिसळायची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड किंवा लॅक्ट्युलोजचं पातळ औषध, मात्रा वजनावर आणि डॉक्टरांच्याच सांगण्यानं. नंतर कमी मात्रा रोज, आणि ती काही महिने. सगळे इथेच घसरतात. त्या घरानं पंधरा दिवसांत, "झाला बरा" म्हणून औषध बंद केलं आणि महिनाभरात गोळा परत. ताणलेलं मलाशय मूळ आकारात यायला वेळ लागतो, तोवर मळ मऊच राहिला पाहिजे. या औषधानं आतडं 'आळशी' होतं ही भीती खोटी आहे. आतडं आळशी होतं ते साचवून.

औषधासोबत आजीचं बोलणं बदललं, ते जास्त कामाचं ठरलं. परसात गोठ्याच्या भिंतीला लागून दोन विटा रोवल्या, त्याच्या हातानं. कोणती वीट कुठे, ते त्यानं ठरवलं. "चल, बस" बंद झालं आणि "आत्ता बसतो का जेवण झाल्यावर?" सुरू झालं. दोन्ही उत्तरं चालणारी असली पाहिजेत, हे आजीला समजवायला वेळ लागला. पावसाळा सुरू होईस्तोवर तो आपलं आपण विटांवर जाऊन बसायला लागला. शाळेत मात्र पुढची दिवाळी येईस्तोवर त्यानं कधीच केली नाही, घरी येईपर्यंत धरून ठेवायचा.

आता तुमच्या मुलासाठी. सुरुवात करण्याआधी पाहा: तो दिवसा दोन तास कोरडा राहतो का, ओलं झालेलं त्याला आवडत नाही का, स्वतः खाली बसून उठता येतं का, "चड्डी काढ आणि विटांवर बस" असं दोन गोष्टींचं सांगणं समजतं का. यातलं बहुतेक जमत असेल तर तो तयार आहे. नसेल तर महिनाभर थांबा, काही बिघडत नाही. घरात नुकतं बाळ झालं असेल, कोणी आजारी असेल, तुम्ही माहेरी जाऊन आला असाल, तर दोन आठवडे जाऊ द्या.

चड्डी इलास्टिकची हवी, नाडी, बटण, चेन काही नको. त्याला स्वतःला खाली करता आली पाहिजे, स्वायत्तता ती हीच. नव्या संडासातलं भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं असतं, आत अंधार, खाली भोक. दोन वर्षांच्या लेकराला आपण आत पडू असं खरोखर वाटतं. म्हणून आधी तुमच्या पायांवर बसवा, तान्हेपणी बसवत होता तसं, किंवा दोन विटा वीतभर अंतरावर न हलणाऱ्या ठेवा. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. लोंबत्या पायांनी जोर लागत नाही. जेवणानंतर २० ते ३० मिनिटांनी बसवा, कारण पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हालचाल करतं. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५ मिनिटं, जास्त नाही. नाही झाली तर "बरं, उठ." झाली तर झाली म्हणून नाचू नका, बसला म्हणून शाबासकी द्या, कारण बसणं त्याच्या हातात आहे. चड्डीत झाली तर एकच वाक्य: "ओलं झालं, चल बदलू." आवाज रोजचाच, आणि धुताना तोंड वाकडं करू नका. त्या वयात ते शरीरातून निघालेलं स्वतःचंच काहीतरी असतं, त्याला आपण घाण म्हटलं तर लेकराला स्वतःचीच घाण वाटते.

उन्हाळ्याची काळजी वेगळी. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि याच दिवसांत मळ कडक होतो. पाणी मागायची वाट पाहू नका, थोडं थोडं देत राहा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको, दुधानं पोट भरलं की भाकर-वरण जात नाही, बद्धकोष्ठ होतं आणि रक्तही कमी होतं. मैद्याची बिस्किटं बंद. पपई, पेरू, पालेभाजी, तुरीचं वरण, ज्वारीची भाकर. रात्रीचं वेगळं असतं, ते शिकवून येत नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार नाही, त्यासाठी रात्री उठवून रागावू नका.

आता सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. एका मुख्याध्यापकांशी माझा हा वाद फार जुना आहे. त्यांचं म्हणणं, लाजेशिवाय शिस्त येत नाही. एरिक्सन यांचं या जागी अगदी स्पष्ट म्हणणं आहे की फार लाजवलेलं मूल सभ्य होत नाही, ते कोणी पाहत नाही ना हे बघायला शिकतं. लाज म्हणजे सगळे आपल्याकडे पाहताहेत आणि आपल्याला झाकता येत नाही, ही भावना. तिच्यातून लेकरू फक्त लपायला शिकतं. दाराच्या मागे उभं राहिलेलं ते पोरगं काय शिकलं होतं? लपून राहायला. पुढे हीच पोरं नापास झालेला पेपर लपवतात, दुखणं लपवतात, आणि मोठेपणी कर्ज लपवतात. एवढं सगळं एका चड्डीतून येतं असं मी म्हणत नाही, पण लपवायची वाट तिथे पडते हे नक्की. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांना त्यांच्या घरात हेच मिळालं. मात्र त्यांना एक आठवण करून द्या. पूर्वी लेकरं वळण शिकली ती मोठ्या भावंडांच्या मागे परसाकडे जाऊन, पाहून. एरिक्सन यांनी अमेरिकेतल्या सू या आदिवासी जमातीतही तेच पाहिलं होतं: चालायला लागलेल्या मुलाला मोठी मुलंच ठरलेल्या जागी घेऊन जात, मोठी माणसं त्याचा गाजावाजा करत नसत. घरात चार-पाच वर्षांचा चुलतभाऊ असेल तर तुमच्यापेक्षा तो चांगला शिक्षक आहे.

बाकीच्या टप्प्यांबद्दल विचारलं आहे म्हणून तेही सांगते, पण जिथे आपल्याकडे चुकतं तिथेच थांबते.

पहिल्या टप्प्यात लोक "उचललं की सवय लागते" म्हणतात. तान्हं बाळ युक्ती म्हणून रडत नाही, तेवढी अक्कलच नसते त्याला. आई आठ तास वावरात गेली म्हणून विश्वास मोडत नाही, सांभाळणारं माणूस रोज तेच असलं आणि हाकेला ओ देत असलं की पुरतं. मोडतो तो डोळा चुकवून पळाल्यानं. आठ-नऊ महिन्यांपासून लेकराला कळतं की आई दिसत नाही म्हणजे गेली. झोपेतून उठल्यावर ती नाही असं रोज झालं, तर ते झोपायलाच तयार होत नाही. रडलं तरी चालेल, पण सांगून जा: "वावरात जातो, दिवेलागणीले येतो." आणि दिवेलागणीला या.

तीन ते सहामध्ये लेकरू मनानं बेत करतं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी कसा सजवायचा, कोणाच्या घरी आधी न्यायचा, मिळालेला बोजारा (खाऊ-पैसे) कुठे ठेवायचा, हे त्याचं त्याला ठरवू द्या. दुकानातून सजवून आणलेला नंदी हातात दिला तर त्याचा बेत गेला. या वयाचा दुसरा धोका कोणी बोलत नाही. या वयात लेकराला वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून गोष्टी घडतात. घरात मृत्यू झाला, बाप निघून गेला, पीक बुडून भांडणं झाली, तर ते स्वतःला कारण समजतं. "तू त्रास देतो म्हणून तुझे बाबा असे करतात," हे वाक्य कधी बोलू नका. उलट, विचारलं नाही तरी सांगा, यात तुझी काही चूक नाही. एकदा सांगून भागत नाही, महिनोनमहिने सांगावं लागतं.

सहा ते बाराला काम येणं महत्त्वाचं. भुलाबाईच्या खेळात खाऊ ओळखणारी, गाणी मुखोद्गत असणारी दहा वर्षांची पोरगी वर्गात 'ढ' ठरते, कारण मार्क फक्त वहीतल्या अक्षराला. हाताच्या कामातून शिक्षण, हा विचार १९३७ च्या परिषदेत आपल्याच वर्ध्यात मांडला गेला, त्याच विचाराची नई तालीम सेवाग्रामला चालली. आणि आज सेवाग्रामच्या आसपासच्या गावांतही पोराला वावरातलं काही येतं हे सांगायची लाज वाटते. फरक एवढाच ठेवा की काम शिकवणं आणि शाळा बुडवून मजुरीला नेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बारानंतरच्या ओळखीच्या प्रश्नावर तुम्हाला दहा वर्षं आहेत, तो आत्ता सोडून देते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. टप्प्यांची वयं ढोबळ आहेत, चार-सहा महिने इकडेतिकडे होतातच. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा शिकतात. मी डॉक्टर नाही, औषधाचं जे लिहिलं ते ओळखता यावं म्हणून, देण्यासाठी नाही. सगळंच मनाचं असतं असंही नाही. जन्मापासून बद्धकोष्ठ असेल, पोट फुगलेलं राहत असेल, वजन वाढत नसेल, पाय कमजोर वाटत असतील, तर थांबू नका. कोरडं राहणारं लेकरू अचानक सारखी लघवी करायला लागलं, खूप पाणी प्यायला लागलं आणि बारीक झालं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. लघवी करताना रडत असेल तर लघवीची तपासणी. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाकेला पाहत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं गेलं असेल, तर तो हट्ट समजू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, सेविकेला तारीख विचारून ठेवा. तेच पुढे जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला, म्हणजे लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या केंद्राला, पाठवतात. सगळी कॉन्व्हेंट वाईट असतात असंही माझं म्हणणं नाही, आणि अंगणवाडीतही लाजवणारी माणसं भेटतात.

शाळेचं म्हणाल तर पहिलीला ६ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे नर्सरीला ३. जूनपर्यंत तुमचा मुलगा तेवढा होत असेल तर वयाची अडचण नाही. पण प्रवेशाच्या तारखेसाठी त्याच्यावर घाई करू नका. तारीख लावून शिकवलेलं लेकरू बरेचदा परत चड्डीत करतं. त्याऐवजी तुम्ही जाऊन पाहून या. संडासाला दार आहे का आणि त्याची कडी लेकराच्या हाताबाहेर वर आहे का. नळ त्याच्या हाताला येतो का. मधल्या सुट्टीची वाट न पाहता जाऊ देतात का. चड्डीत झाली तर कोण बदलतं, कुठे बदलतं, आणि त्या बाईंचं नाव काय. नाव कळलं की जूनच्या आधी दोनदा मुलाला घेऊन त्यांना भेटा, आणि दप्तरात दोन चड्ड्या, एक पिशवी आणि एक ओला रुमाल ठेवा. लेकराला लाजवतील असं तिथे काही दिसलं, तर एक वर्ष अंगणवाडीत जाऊ द्या.